जावयाचं डोकं

व्हय, मीच फोडलं जावयाचं डोकं. मुकुंदवाडीच्या पोलिसालाबी हेच सांगितलं, तुम्हालाबी सांगते.

पहिल्या बाळंतपणाला माझ्या प्रेरणाला ना कळा, ना कसला त्रास. पण जावयाला, इंद्रजीतला, लेकरू स्वतःच्या वाढदिवसालाच पाहिजे होतं. क्रांती चौकात बाप-लेकाचा एकच बॅनर लावायचा होता मेल्याला! डॉक्टर सोनियाबाईंनी लई समजावलं, "गरज असेल तर पोट फाडते, हौसेसाठी नाही. पुढच्या खेपेला त्या टाक्यांवर बाळाची वार चिकटली तर हिच्या जिवावर बेतेल." तर ह्यानं दुसरा दवाखाना गाठला. तिथं पोट फाडलं. पोरगी झाली. बॅनर काय लागला नाय.

दुसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या तेच झालं. वार जुन्या टाक्यांत रुतून बसली. आता पोट फाडल्याबिगर इलाजच नव्हता. प्रेरणाला सोनियाबाईंकडंच आणलं. त्यांनी रक्त आधीच मागवून ठेवलं, मदतीला आणखी एक डॉक्टर बोलावला. इंद्रजीतनं काय आणलं? चौकातली धा-बारा टवाळ पोरं अन् पेढे.

तिला आत नेलं, अन् थोड्या वेळानं त्या दुसऱ्या डॉक्टरला आत थांबवून बाई धावतच भाईर आल्या. अंगावरचा झगा रक्तानं भिजलेला.

"मुलगी झाली, ती बरी आहे. पण वार सुटत नाही, रक्त थांबत नाही. गर्भपिशवी आत्ताच काढावी लागेल, नाहीतर प्रेरणा जाईल."

"पिशवीला हात लावायचा नाय!" इंद्रजीत वरडला. "दुसरीबी पोरगीच! मला पोरगं पाहिजे."

"मी विचारायला नाही, सांगायला आलेय," म्हणून बाई वळल्या, तर ह्यानं त्यांचे केस धरून भिंतीवर आपटलं. ओठ फाटला बिचारीचा. पोरांना तेवढंच पाहिजे होतं. खुर्च्या काचांवर, काचा नर्सच्या अंगावर. एकानं औषधाचं कपाट पालथं घातलं. अन् इंद्रजीत ऑपरेशनच्या दाराला पाठ लावून उभा. आत माझं लेकरू मरायलंय अन् दारात हा मुडदा!

धोंड्याच्या महिन्यात ह्याचे पाय धुतलेत मी. ह्याच्यापुढं डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाय. तोच पदर कमरेला खोचला, सलाईनची लोखंडी दांडी उचलली अन् घातली टाळक्यात. "आई, तुम्ही?" म्हणला, पण दार सोडीना. मग दुसरी घातली. तवा कोसळला. त्याला पायानं बाजूला लोटलं अन् बाईंना म्हणलं, "जा माय, आत जा." तोंडातलं रक्त पुसत त्या गेल्या.

पोरं पुढं सरकली तशी मी दांडी फिरवली. "या भाड्यांनो! येताना उचलून न्यायला आपापल्या आईला घेऊन या!" एकबी फिरकला नाय.

पिशवी गेली, प्रेरणा वाचली. इंद्रजीतला टाके पडले, तोबी वाचला.

दुसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले. काय काय झालं ते नर्सनं तिला सांगितलं. मी तिच्या ओठाला ओला बोळा लावत होते. लेकराचं विचारंल वाटलं, सोताचं विचारंल वाटलं. तर म्हणती कशी, "आई, ह्यांना लई लागलं का गं?"

हिच्याच थोबाडीत द्यावी अन् हिच्याच गळ्यात पडून रडावं वाटलं मला.

"नाय," म्हणलं. "अजून लागायचंय."