सुलाबाई हवेत कशी गेली

सुलाबाईचा राग मोबाइलवर नव्हता, मोबाइलमधल्या बाईवर होता.

मोबाइलशी तिचं काही वाकडं नव्हतं. ती स्वतः त्यावर भाच्यांची लग्नं बघायची, पुण्याच्या नातीशी गप्पा मारायची. पण ही दुसरी बाई! सकाळी सहादू उठायचा, चष्मा शोधायचा, मोबाइल तोंडाजवळ धरायचा आणि म्हणायचा, "जय भीम. आज पाऊस आहे का?" मग ती बाई गोड आवाजात सांगायची की नाशिकरोडला आज आकाश निरभ्र राहील. अरे बाबा, खिडकी उघडी आहे, डोकं बाहेर काढ की! पण नाही. भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करावं, हेसुद्धा त्या बाईलाच. आणि समोर भेंडी चिरत कोण बसलंय? सुलाबाई.

सहादू म्हणजे सुलाबाईचा नवरा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला. जन्मभर त्याने दोनच कामं जीव लावून केली. आठवडाभर बॉयलर सांभाळला आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून चमत्कार उघडे पाडले. पिशवीत कापूर, नारळ, राखेच्या गोळ्या घ्यायच्या आणि शाळेच्या पटांगणात उभं राहायचं. रिकाम्या हातातून अंगारा काढायचा, जिभेवर कापूर पेटवायचा, लोकांनी हात जोडले की म्हणायचं, थांबा, हात खाली करा, आता हे कसं केलं ते बघा. त्याच्या मंडळाचा नियमच होता. दाखवलेला चमत्कार उकलून सांगितल्याशिवाय गाव सोडायचं नाही. आणि ती उकल कोणाला पटली नाही, तर त्याने उठून म्हणायचं, "करून दाखवा." कोणी तसं म्हणालं की करून दाखवावंच लागायचं, मग शेवटची एसटी चुकली तरी बेहत्तर.

या सगळ्यात भाव खाऊन जायचा तो हवेत उठणारा माणूस. सहादूचा दोस्त सोमनाथ बाकावर आडवा व्हायचा, अंगावर चादर पडायची, आणि बघता बघता तो आडवाच्या आडवा वर यायचा. खरं म्हणजे सोमनाथ चादरीखाली चक्क उभा राहायचा. हातात दोन लांब काठ्या आडव्या धरलेल्या, काठ्यांच्या टोकांना बूट, आणि मान मागे टाकलेली. समोरच्याला एका बाजूला तोंड दिसायचं, दुसऱ्या बाजूला पाय. मधलं सगळं चादर बघून घ्यायची.

आता निफाडकडच्या एका गावी काय झालं ते ऐका. सुलाबाईचं नवं नवं लग्न झालं होतं, म्हणून कौतुकाने नवऱ्यामागे गेली होती. ऐनवेळी सोमनाथला ताप भरला. तो घरीच राहिला आणि काठ्याही त्याच्याच घरी राहिल्या. सहादूने पोरांना सांगून टाकलं की आज हवेतला माणूस नाही. पोरांचे चेहरे असे पडले की सुलाबाईला बघवेना. ती उठली आणि गुरुजींच्या बायकोला, कमळाबाईला, घेऊन शाळेमागे गेली. तिथे उसाची मोळी पडली होती. त्यातले दोन सरळसोट ऊस निवडले, गुरुजींचे कॅनव्हासचे बूट चिंध्या कोंबून त्यांच्या टोकांना बसवले, आणि सगळं चादरीत गुंडाळून बाकापाशी आणलं. थोड्या वेळाने पटांगणात, उघड्या आभाळाखाली, सुलाबाई हवेत गेली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सहादूने नेहमीप्रमाणे काठ्यांची उकल सांगितली, लोकांना पटलीही. पटली नाही ती एकट्या सहादूला. काठ्या तर सोमनाथच्या घरी! मग हिने काय धरलं होतं? कार्यक्रम संपताच त्याने शाळा पालथी घातली. बाकाखाली वाकून बघितलं, फळ्यामागे बघितलं, गुरुजींच्या कपाटावर बघितलं. तेवढ्यात कमळाबाईने विळ्याने उसाच्या कांड्या करून पोरांना वाटून टाकल्या. एक कांडी सहादूच्याही हातात दिली. आणि हा गडी ती चोखत चोखत काठ्या शोधत हिंडत होता! ते बघून सुलाबाईला असं काही हसू आलं की तिने तिथंच ठरवलं, या माणसाला जन्मात सांगायचं नाही.

तेव्हापासून त्याचं पालुपद एकच. "सांग ना गं, कसं केलंस?" मुसळ होतं का? झेंड्याची काठी? स्कूटरवर मागे वळून विचारायचा, बँकेच्या रांगेत विचारायचा, लेकाच्या, प्रफुल्लच्या, बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना विचारलं. दोघांचं भांडण झालं की दोन दिवस अबोला चालायचा. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि हळूच म्हणायचा, "छत्र्या होत्या ना?" झालं, भांडण मिटलं. त्याला माफी मागायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती आणि तिलाही दुसरी नको होती.

गेल्या दिवाळीत सुलाबाईच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली. लेक प्रफुल्ल पुण्याहून धावत आला, आठवडाभर राहिला आणि जाताना बापाच्या हातात नवा मोबाइल ठेवून गेला. त्यात आईच्या गोळ्यांच्या वेळा घालून दिल्या, त्या बाईला कसं विचारायचं ते शिकवलं. झालं! सहादूने त्या बाईला जे धरलं ते सोडलंच नाही. आंघोळीला गेला तरी मोबाइल मोरीच्या कट्ट्यावर.

आणि त्या दिवसापासून त्याने सुलाबाईला एकदाही विचारलं नाही, की तू हवेत कशी गेलीस.

ती वाट बघत राहिली. संक्रांतीला तिळाच्या लाडवांवरून दोघांचं वाजलं. सुलाबाई मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली, घासलेली पुन्हा घासली, पण दारात कोणी आलं नाही. बाहेरून आवाज आला, "जय भीम. बायको रागावली असेल तर काय करावं?" आणि त्या बाईने सांगितलं की त्यांना थोडा वेळ द्यावा. सहादूने इमानेइतबारे दोन दिवस वेळ दिला! सुलाबाई उशीत तोंड खुपसून रडली. शेजारणीला सांगावं तर ती हसली असती, म्हणून कोणाला सांगितलंही नाही.

मग एका दुपारी सहादू पलंगावरून उडीच मारून उठला. "सुला! सापडलं! तारा होत्या तारा!"

"कसल्या तारा?"

"बारीक पोलादी. डोळ्याला दिसत नाहीत. मोठमोठे जादूगार त्याच वापरतात म्हणे. मी हिला सगळं सांगितलं, काठ्या नव्हत्या, शाळा धुंडाळली, काही मिळालं नाही. तर ही म्हणाली, तारा. इतकी वर्षं डोक्यात कसं आलं नाही माझ्या!"

सुलाबाई काय बोलते याची वाटसुद्धा न बघता तो राखीला फोन लावायला गेला. राखी म्हणजे कॉलनीतल्या विहारात दर रविवारी मुलांचे कार्यक्रम घेणारी मास्तरीण. तिने कधीपासून त्याच्या मागे लकडा लावला होता की काका, तुमचे चमत्कार एकदा मुलांना दाखवा. सहादूने तिला सांगितलं, येत्या रविवारी येतो, आणि जन्मभर न उकललेला एक चमत्कार सगळ्यांसमोर उकलतो.

 उत्तर चुकलं याचं सुलाबाईला एवढं काही वाटलं नाही. पण त्याचं समाधान झालं होतं. रविवारी तो चारचौघांत तारा सांगून मोकळा होणार आणि पुन्हा कधी म्हणून तिला विचारणार नाही. त्याच्या आयुष्यातला तिचा एवढासा कोपरा, तोही त्या बाईने बळकावला.

रविवारी विहार गच्च भरलं. पोरं पुढे, बाया डाव्या हाताला, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल उगारलेला. सहादूने अंगारा काढला, कापूर पेटवला, नारळावर पाणी शिंपडून जाळ केला, आणि सगळं उकलून दाखवलं. या वयातही त्याचा हात थरथरत नव्हता, आणि सुलाबाईला, रागात असूनसुद्धा, त्याचा अभिमान वाटला. मग त्याने माइक तोंडाजवळ घेतला आणि निफाडची गोष्ट सांगितली. शेवटी मोबाइल बघून वाचावं तसं म्हणाला, "तर मुलांनो, माझी बायको हवेत गेली ती बारीक पोलादी तारांवर."

बायांच्या रांगेतून आवाज आला. "पटलं नाय. करून दाखवा."

माना वळल्या. मोबाइल वळले. सुलाबाई गुडघ्यावर हात टेकून उभी राहत होती.

"अगं, तू खाली बस..."

"का बसू? नियम तुमचाच हाय ना? मला पटलं नाय. तार कशाला बांधली व्हती ते सांगा."

पोरं खिदळायला लागली. राखीने तोंडाला पदर लावला. सहादू गडबडला, आणि गडबडला की हल्ली जे करायचा तेच त्याने केलं. भर विहारात माइकसमोर मोबाइल धरला. "जय भीम. निफाडच्या शाळेत सुलाने तार कशाला बांधली होती?"

माइकमधून ती बाई अख्ख्या विहाराला म्हणाली, "माफ करा, ही माहिती माझ्याकडे नाही."

असा काही हशा उसळला की बाहेरचा भेळवाला आत डोकावला. सुलाबाई मात्र हसली नाही. "तिच्याकडं कशी असंल? ती आली व्हती का तिथं? तुम्ही व्हते. तुम्ही सांगा, माझ्या डोक्यावर काय व्हतं?"

सहादूने मोबाइल खाली केला. डोळे मिटले. 

"काहीच नव्हतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पटांगण होतं. वर आभाळ होतं. तार बांधायला काहीच नव्हतं. तू पोपटी साडी नेसली होतीस. पदर चादरीबाहेर आला होता आणि मला वाटत होतं, पडेल ही, पडेल. मी घाबरलो होतो गं." मग त्याने पोरांकडे बघितलं. "मुलांनो, माझं उत्तर चुकलं. ती हवेत कशी गेली, मला माहीत नाही."

कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवायला लागले.

दोघं घरी आली. चहा झाला तरी सहादू खुर्चीत मान खाली घालून बसलेला. सुलाबाईलाच राहवेना. "लोकांसमोर लय बोलले का मी?"

"नाही गं." त्याने कप खाली ठेवला. "दिवाळीत तू आत होतीस, काचेपलीकडे. नळ्या लावलेल्या. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. मनात आलं, ही गेली तर मी विचारणार कोणाला? मीठ किती घालायचं, प्रफुल्लशी काय बोलायचं, कशाचंच मला काही ठाऊक नाही. म्हणून हिला विचारायची सवय लावून घेत होतो. म्हटलं, वेळ आली तर एकदम जड जायला नको."

सुलाबाई बघतच राहिली. सहा महिने ती ज्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालत होती, ती बाई ही अशी घरात आली होती तर!

"काय माणूस हाये हा!" ती एकदम कडाडली. "मी इथं जित्ती बसलेय, भेंडी चिरतेय, आणि ह्यांची माझ्या मागारी जगायची तालीम चाललीये! लाज वाटती का?" आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने पदराने तोंड पुसलं, त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली आणि म्हणाली, "ऊस व्हता."

"काय?"

"ऊस. दोन. शाळेमागं मोळी पडली व्हती."

सहादूचा चेहरा कोरा. "मी सगळी शाळा शोधली होती. ऊस असता तर दिसला असता."

"दिसंल कसा? तुमच्या तोंडात व्हता."

आधी त्याला उमगेचना. मग उमगलं, आणि तो असा हसत सुटला की खोकल्याची उबळ आली, चष्मा घसरून मांडीवर पडला. सुलाबाईही हसली, त्याच्या पाठीवर थापट्या मारत पुन्हा हसली. बऱ्याच वेळाने दोघांचं हसू आवरलं. चष्मा पुसता पुसता सहादूचं तोंड उतरलं.

"सांगून टाकलंस," तो म्हणाला. "आता मी तुला काय विचारू?"

"काय विचारू म्हणजे? दिवाळीपासून एकदा तरी मला विचारलंत का, सुला, कशी हायेस? त्या बाईला विचारता. ऑपरेशन झालेल्या माणसानं किती चालावं, तूप चालतं का, दम लागला तर काय करावं. तिच्या काळजाला चिरा पडल्या का माझ्या?"

 मोबाइलने तेवढ्यात गोळीची आठवण करून दिली. सहादूने तो न बघताच बंद केला, उठून गोळी आणि पाणी आणलं, तिच्या हातात दिलं आणि समोर बसून, नव्या नवरीला विचारावं इतकं संकोचत विचारलं, "सुला, कशी आहेस?"

गुडघ्यांचं सांगावं, असं सुलाबाईच्या मनात होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"भ्या वाटतं हो," ती म्हणाली. "डाव्या कुशीवर झोपायचं भ्या वाटतं. मग मी रातभर तशीच पडून राहते."

"मला उठवायचं की मग."

"तुम्ही विचारलं कधी?"

"आता विचारलं," सहादू म्हणाला. "आज डाव्या कुशीवर झोप. मी जागा आहे."