छताचं पोट

रायपूर राजधानी झालं, जिकडेतिकडे बांधकामं निघाली आणि तात्यापारा मोहल्ल्यातला प्रत्येक रिटायर माणूस इंजिनिअर झाला. यशवंतराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, पण कॉलम-बीमवर बोलायला लागले की चहा थंड व्हायचा.

त्यांच्या गच्चीवर मधोमध पाणी साचायचं. याचं निदान त्यांनी केव्हाच केलं होतं: बायको मंदाकिनी तिथे डाळीच्या बड्या वाळत घालते, परात धुते, म्हणून. दर दिवाळीला नुसत्या बनियनवर, उकिडवे बसून ते स्वतः तो खड्डा सिमेंटनं भरत. पुढच्या पावसात पुन्हा डबकं. "पहा, तुझ्या परातीचं पाणी!" ती परात उचलून खाली यायची. परातीवरून काय भांडायचं?

यंदा लेक गंधाली बाळंतपणाला आली होती. तिची आणि तान्ह्या बाळाची खाट नेमकी त्या डबक्याखालच्या खोलीत. पडल्या पडल्या ती एकदा हसून म्हणाली, "आई, देखो ना, छत का भी पेट निकला है."

मंदाकिनीला हसू आलं नाही. ती स्टुलावर चढली. छताच्या जरा खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी ताणून बांधली. दोन्ही टोकांना सुतळी आणि छत यांच्यामध्ये काडेपेटी अलगद बसली. मधोमध मात्र काडी जायला जागा नव्हती. तिथे छतच खाली येऊन सुतळीला टेकलं होतं.

तेवढ्यात यशवंतराव दारात आले. मागे हमालाच्या डोक्यावर सिमेंटची गोणी.

"मले सांगा, मागच्या दिवाळीत खड्डा सपाट केला होता ना?" मंदाकिनीनं स्टुलावरूनच विचारलं.

"एकदम लेवलमध्ये."

"मग यंदा पुन्हा काहून झाला? माझ्या परातीनं स्लॅब खाली ओढला?"

"अगं, पाणी मुरतं तिथे..."

"पाण्यानं छत असं लोंबते का? आधीच वाकलेलं, त्यावर तुम्ही दरसाल आणखी बोजा टाकून राहिले! अन् नाव माझं!"

"इंजिनिअर तू का मी?"

"दोघंही नाही. खऱ्याला बोलवा."

"खरे सगळे नव्या राजधानीत गुंतले. आज भरून घेऊ, मग पाहू."

आज भरून घेऊ! त्याच छताखाली बाळ मुठी आवळून झोपलेलं. मंदाकिनीनं त्याला उचलून गंधालीच्या हातात दिलं. "पुढच्या खोलीत चल."

"पर बाबा बोल रहे हैं..."

"बाबांचं मी आजवर ऐकलं. तू नको ऐकू. चल."

खाट तिनं एकटीनंच ओढत नेली. मग स्लॅबखाली लाकडी टेकू लावणाऱ्या सेंटरिंगवाल्या धर्मपालला फोन लावला. "भैया, बल्लियाँ लेकर आओ. छत को टेका देना है. कल नहीं, अभी."

"बाबूजी, बोरी ऊपर ले जाऊँ?" हमाल जिन्यात ताटकळला होता.

यशवंतराव त्या रिकाम्या खोलीत शिरले. स्टुलावर चढून सुतळीच्या मधोमध त्यांनी काडेपेटी सरकवून पाहिली. जोर केला. पेटी चेपली.

"नीचे ही रख दो," ते म्हणाले. आवाजात पार्सल ऑफिसातला रुबाब नव्हता.

"टेकू लागेपर्यंत त्या खोलीत कोणी जायचं नाही," मंदाकिनी दारातून कडाडली. "तुम्हीसुद्धा. उतरा."

ते तसेच, मान वर करून, त्या पोटाखाली उभे.

"उतरा म्हणते ना! बाहेर या आधी!" आणि तिचा आवाज फाटला.