अण्णांचा रोहू

सासूबाई गेल्यावर आम्ही अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वेंगुर्ल्याहून दिल्लीला, आर. के. पुरमला आणलं. महिनाभरातच त्यांनी परतीच्या तिकिटाचं टुमणं लावलं. तिथलं घर बंद, जेवायला घालणारं कुणी नाही, पण ऐकतील तर ते अण्णा कसले. कारण विचारलं तर म्हणाले, इथे मासा मिळत नाही.

मासा रोज मिळत होता. पण तो गोड्या पाण्यातला, आणि अण्णांच्या लेखी तो मासाच नव्हे. मी भंडाऱ्याची, तलावातले मासे खाऊन वाढलेली, त्यामुळे हा टोमणा लग्नापासून माझ्या वाट्याला आहेच. त्यात माझ्या मुलीच्या, सुनीतीच्या, गृहपाठात 'फ्रेशवॉटर' शब्द आला आणि इंग्रजीच्या या निवृत्त मास्तरांना जोर चढला. फ्रेशवॉटर म्हणजे बिनमिठाचं, गोडं पाणी. त्यात राहणाऱ्या माशालाही तेच म्हणायचं. आणि जुन्या इंग्रजीत समुद्राची सवय नसलेला कच्चा खलाशी म्हणजे 'फ्रेशवॉटर सेलर'. सुनीतीनं उदाहरण मागितलं, तर त्यांनी हळूच माझ्याकडे बोट दाखवलं. मी लाटणं जरा जोरातच आपटलं. पण सासूबाई गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते, म्हणून मी पुढची पोळी लाटायला घेतली.

त्याच आठवड्यात मला ताप आला. श्रीरंग, माझा नवरा, ऑफिसच्या दौऱ्यावर होता. अण्णा पिशवी घेऊन बाजारात गेले आणि अख्खा रोहू घेऊन आले. मासेवाला कापून देत होता, पण यांनी त्याला हात लावू दिला नाही. जन्मभर मासा आपणच कापलाय, म्हणाले. घरी विळीवर बसून बांगडा कापावा तसा तो कापला, गावाहून आणलेली तिरफळं घालून कालवण केलं आणि ताट माझ्या खाटेपाशी आणलं.

पहिल्या घासालाच कळलं, पित्ताची पिशवी फुटली होती. बांगड्याचं पित्त एवढंसं, त्याचं कुणी मनावर घेत नाही. रोहूचं मात्र आमच्याकडे शाळकरी पोरीसुद्धा आधी अलगद काढून टाकतात. कालवण कडू जहर झालं होतं. पण ज्या माशाला ते मासा म्हणायला तयार नव्हते, तो त्यांनी माझ्यासाठी रांधला होता. भातात कालवून मी खात राहिले.

मग अण्णांनी स्वतःला वाढून घेतलं, एक घास खाल्ला आणि थांबले.

"हे कडू झालंय. तू का खातेस?"

"तापानं तोंड कडूच आहे, अण्णा."

त्यांनी माझं ताट ओढून घेतलं.

"कुमुदही असंच करायची," ते सासूबाईंचं नाव घेत म्हणाले. "माझ्या हातचं काहीही संपवायची."

ताप उतरल्यावर रविवारी उठून पाहते तर ओट्यावर दुसरा रोहू, आणि अण्णा बाह्या सरसावून उभे. पित्त कुठे असतं ते दाखव, म्हणाले. मी दाखवलं. त्यांनी चष्मा सावरून नीट पाहिलं. तिकिटाचा विषय मी मुद्दामच काढला नाही. मासा धुता धुता त्यांनीच काढला.

"श्रीरंगला सांग, तिकीट नको. आधी मला हे नीट जमू दे."