सवतीची बटणं

मला एक सवत आहे. दोन सीटची, लाल, डोक्यावर छप्पर नसलेली. आमच्या ह्यांनी तीन वर्षं गॅरेजमध्ये खपून तिला उभं केलं, त्याला आता आठ वर्षं झाली. कुठल्याशा जुन्या शर्यतीच्या गाडीची ती नक्कल. अंग फायबरचं, इंजिन भंगारात निघालेल्या एका साध्यासुध्या गाडीचं. कुणी तिला नकली म्हटलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "आयुष्यभर खोटे दात बनवले मी. लोक त्यांनी खरंच जेवले ना?" हे दातांच्या कवळ्या बनवायचे. मी कपडे शिवते, अजूनही. त्या गाडीत मी एकदाही बसले नव्हते. केस विस्कटतात, असं सांगत आले. खरं म्हणजे मला कधी कुणी नीट बोलावलंच नाही, आणि न बोलावता सवतीच्या घरी जाणाऱ्यांतली मी नव्हे.

गुरुवारी सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "गाडी देऊन टाकतोय. रविवारी दहाला डॉक्टर येतोय न्यायला."

डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर. कामाची शेवटची पाच वर्षं ह्यांनी त्याच्यासाठी कवळ्या केल्या होत्या.

"आणि ते का?"

"जुनी झाली."

"जुनी तर मीही झालेय. मला न्यायला कोण येतंय?"

हे हसले नाहीत. असल्या बोलण्यावर हे नेहमी हसतात, निदान कपाच्या आड तरी. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

हे आंघोळीला गेल्यावर मी गॅरेजमध्ये डोकावले. गाडीवर जाड कापडाचं कव्हर होतं, सीटांवरून पुढून मागे ताणलेलं, आणि कडेने बावीस टिचबटणांनी बसवलेलं. चालवणाऱ्याच्या बाजूची तीन बटणं उघडी होती. चौथ्यापाशी कापड खरवडलेलं, एका जागी चांगलं फाटलेलं. खाली जमिनीवर माझ्या स्वयंपाकघरातला मोठा चमचा पडला होता, दांडा वाकलेला.

मी चमचा उचलला आणि तिथेच पायरीवर बसले. दोन वर्षं झाली, ह्यांच्या बोटांची पेरं सुजून वाकडी झालीत. शर्टाची बटणं मी लावते. मी लावत असते तोवर हे वर पंख्याकडे बघत राहतात, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही. महिनाभर गाडी बाहेर निघाली नव्हती आणि मी मनातल्या मनात खूश होते. हा माणूस इथे उभा राहून चमच्याने बटणं उचकटत होता आणि मी आत खूश होते. मला माझीच लाज वाटली.

मग रागही आला. मला एक हाक मारायला काय झालं होतं? पण अडतीस वर्षं संसार केलाय मी. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. शर्टाशिवाय घराबाहेर पडता येत नाही, म्हणून शर्टाची बटणं मला लावू देतात. गाडीशिवाय माणूस जगू शकतो. मदत मागण्यापेक्षा हे गाडी देऊन टाकतील, आणि वर जुनी झाली म्हणून सांगतील.

दुपारी मी तंबू आणि छत्र्यांचं सामान विकणाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे फिरकीची बटणं होती. गाडीवर बसतो तो पितळी खुंटा, कापडात लांबट भोकाचं कडं. कडं खुंट्यावर घालायचं आणि खुंट्याचं डोकं आडवं फिरवायचं, की कापड अडकलं. उभं केलं की सुटलं. चिमटीत जोर लागत नाही. मी दुकानातच बोटं मुठीत घेऊन नुसत्या तळहाताच्या कडेने फिरवून पाहिलं. फिरलं. दुकानदार माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता, बघू दे. मी बावीस घेतली.

शुक्रवारी हे बोटं शेकून घ्यायला गेले की अर्धा दिवस येत नाहीत. मी कव्हर काढून शिवणाच्या खोलीत आणलं आणि जुनी बटणं एकेक करून उपटली. कापड आठ वर्षांचं, धुळीने आणि तेलाने माखलेलं. आणि इथे माझ्या हातून चूक झाली. कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे माझ्या गुरूबाईंनी मला सोळाव्या वर्षी शिकवलं. मी विचारसुद्धा केला नाही. कव्हर टबात बुडवलं, साबण लावला, खसाखसा घासलं आणि उन्हात टाकलं. वाळल्यावर फाटलेलं रफू केलं आणि जुन्या भोकांवर नवी कडी ठोकली. मग गाडीवरचे जुने खुंटे काढले. स्क्रूची भोकं काही ठिकाणी सैल झाली होती, ती ह्यांनी कधीतरी कवळीच्या हिरडीला वापरतात त्या गुलाबी मसाल्याने भरून घेतलेली दिसली. नवे खुंटे घट्ट बसले. माझी मलाच शाबासकी देत मी कव्हर गाडीवर अंथरलं.

तीन बाजू कशाबशा लागल्या. चौथी दोन बोटं कमी.

मी ओढलं, गुडघा लावून ओढलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेवढ्यात गॅरेजच्या दारात हे उभे.

"काय चाललंय हे?"

"बटणं बदलतेय."

"कुणाला विचारून?"

"चमच्याला," मी म्हणाले.

मला तिथेच थांबता आलं असतं, पण माझी जीभ थांबली नाही. "गाडी द्यायची तर खुशाल द्या. पण उघडता येत नाही म्हणून देताय, तर तसं म्हणा. जुनी झाली म्हणून त्या बिचारीवर आळ कशाला?"

हे पुढे आले आणि कापडाची कड दोन तळहातांमध्ये धरून बघितली.

"तू धुतलंस हे?"

"घाण होतं."

"अगं, हे जाड सुती कापड आहे, आटतं. परकर नाही." आणि स्टुलावर बसले. "उद्या ओलं कर परत. ओलं असतानाच ताणायचं. कडेने एकामागून एक नाही. पुढचं मधलं आधी, मग मागचं मधलं, मग एक डावीकडचं, एक उजवीकडचं. कवळी अशीच बसवतात. एका बाजूने सुरुवात केली की दुसरी बाजू वर उचलली जाते."

शनिवारचा अख्खा दिवस हे स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते आणि मी शेळी झाले होते. पण सांगत होते ते बरोबर होतं. ओलं कापड इंच इंच सरकत गेलं. गाडी उन्हात ढकलून वाळवली. तरी चालवणाऱ्याच्या बाजूला चार बटणांची ओळ बोटभर कमी पडलीच. तिथे मी कड कापून मध्ये काळी पट्टी जोडली. आता कव्हर लागलं खरं, पण ढोलाच्या कातड्यासारखं ताठ. हे त्यावर थाप मारून आत गेले. डॉक्टरला नको म्हणून सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

रविवारी आठ वाजता हे गॅरेजमध्ये गेले. मी दारात हाताची घडी घालून उभी राहिले. हात मोकळे ठेवले असते तर ते पुढे धावले असते. ह्यांनी तळहाताच्या कडेने पहिलं डोकं फिरवलं. कापड आपोआप उडून मागे सरलं. मग दुसरं, तिसरं. अकराव्याला थांबले, हातावर फुंकर घातली, पुन्हा सुरू. पाव तास लागला. बावीसच्या बावीस स्वतः उघडली. कव्हर गुंडाळून मागे टाकलं, आत बसले, इंजिन सुरू केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "येतेस का?"

"केस विस्कटतील."

"विस्कटू देत."

मी बसले. गावाबाहेरच्या रस्त्याने तासभर फिरलो. आवाज इतका की एक शब्द बोलता येत नव्हता, आणि मला ते फार आवडलं. इतकी वर्षं मी उगाच अडून बसले, असं वाटलं.

परत आलो तेव्हा साडेनऊ झाले होते. हे कव्हर लावू लागले. पहिली चार लागली. पाचव्याला कापड पुढे येईना. एका हाताने ओढायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं, आणि ओढायला तर बोटंच लागतात. ह्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तोंडातून अस्सा आवाज निघाला की मी नजर वळवली. कापड मीच धुतलं होतं. मीच आटवलं होतं. आता हे हात झटकून आत जातील, दहाला डॉक्टर येईल, हे किल्ली देतील आणि त्यावर आम्ही पुन्हा कधी बोलणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

हे गाडीवर हात टेकून उभे राहिले. माझ्याकडे पाठच होती.

"अगं," हे म्हणाले, "ओढायला जमत नाही मला. लावतेस का?"

अडतीस वर्षांत पहिल्यांदा. हा माणूस कधी असं मागेल तेव्हा काय काय सुनावायचं, ते मी केव्हापासून जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही सुचलं नाही. मी पुढे झाले आणि एकेक बटण लावत गेले. एक डावीकडचं, एक उजवीकडचं. एकवीस झाली.

"ते एक मुद्दाम सोडलंस," हे म्हणाले.

"हो."

मी दोन्ही हातांनी कापड ओढून कडं खुंट्यावर धरून ठेवलं. ह्यांनी हाताच्या कडेने डोकं फिरवलं. घड्याळात पावणेदहा वाजले होते.

"आता डॉक्टरला फोन लावून दे," हे म्हणाले. "ते आकडे दाबायला मला फार वेळ लागतो. बोलतो मीच. गाडी द्यायची नाही म्हणून सांगतो."

मी फोन लावला आणि ह्यांच्या कानाशी धरला.