रतनबाईच्या खाचरातले दगड

मार्गासनीहून डोंगराकडं निघालं की एक लहानशी वाडी लागते. तिथल्या देवीच्या भंडाऱ्यासाठी घरटी पायलीभर तांदूळ गोळा करायचं काम सोनबाआबांकडं, तेही चाळीस वर्षांहून अधिक. असा माणूस भंडाऱ्याच्या सकाळी केवढ्या तोऱ्यात हिंडायला हवा! पण आज आबांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चहा दोनदा गार झाला. टोपी सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलं, आणि टोपी होती डोक्यावरच.

कारण होतं रतनबाई. तिचं भाताचं खाचर म्हणे जळकं. बांधापासून खालपर्यंत काळे, जड, फोड आल्यासारखे दगड. देवीनं तिथं कुण्या पाप्याचं घर जाळलं, असं वाडी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली. म्हणून तिथला तांदूळ भंडाऱ्यात घ्यायचा नाही आणि बांधावरून जाताना एक खडा आत भिरकावायचा, म्हणजे पीडा मागं लागत नाही. रतनबाई लग्न होऊन आली त्याला चाळीस वर्षं झाली. दरवर्षी ती पायली भरून उंबऱ्यात ठेवायची आणि दरवर्षी आबा मान वळवून पुढच्या घरी जायचे. यंदा मात्र तिनं निरोप धाडला होता, की तांदूळ घेतला नाही तर खाचर विकून पालीला लेकीकडं जाईन, पुन्हा या वाडीत पाऊल टाकणार नाही.

"जाईना का," असं आबा चारचौघांत बोलून गेले खरे, पण तेव्हापासून घास गोड लागत नव्हता.

त्यात घरात सूनबाई. शेफाली भोरची, शाळेत विज्ञान शिकवणारी. तिनं त्या खाचरातला एक काळा दगड सरळ ओट्यावर आणून ठेवला. आबा दचकून मागं सरले. तिनं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दगडाजवळ धरलं आणि ते खट्‌कन चिकटलं.

"आबा, तिथं कुणाचं घर जळलं नाही," ती म्हणाली. "तिथं भट्टी होती. आपल्याच डोंगरातल्या तांबड्या दगडातून कुणीतरी लोखंड काढत होतं. हा त्याचा उरलेला मळ."

आबांनी हुज्जत घातली. लोखंड दगडात कसं? सोनं तर म्हणे नदीच्या वाळूतही मोकळं चमकतं. मग शेफालीनं शाळेतला मूलद्रव्यांचा तक्ता उघडला. त्यातले डावीकडच्या टोकाचे धातू इतके उतावळे, की पाण्यात पडले तर काही पेट घेतात. ते मोकळे कधी सापडतच नाहीत. सोनं आपलं निवांत, कुणात मिसळत नाही. लोखंड या दोघांच्या मधलं. ते हवेतल्या प्राणवायूला धरून दगडात बसतं. कोळसा पेटवून भाता मारला की कोळसा तो प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड सुटतं. त्याच तांबड्या दगडात ॲल्युमिनियमही असतं, पण त्याची पकड एवढी घट्ट की कोळशाला दाद देत नाही, त्याला वीजच लागते.

"दसऱ्याला आपण कोयत्याला हळदकुंकू वाहतो, आबा. आणि जिथं लोखंड निघालं तिथं दगड मारतो."

 आबांना कोपऱ्यातल्या कोयत्याकडं बघवेना आणि ओट्यावरच्या दगडाकडंही बघवेना. शेवटी पोतं खांद्यावर टाकून ते तरातरा निघाले. बांधावर आल्यावर सवयीनं खाली वाकले, खडा उचलला, आणि हात तसाच राहिला. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो खडा फेकला नाही.

रतनबाई दारातच होती. पायली भरलेली. शेजारी तुळशीपाशी मातीची एक जाड नळी, एक टोक काचेसारखं वितळलेलं. नांगरताना असल्या कितीतरी निघतात, ती म्हणाली, टाकवत न्हाईत म्हणून ठेवते. आबांच्या ध्यानात आलं, ही भात्याची नळी. कुणा कष्टकऱ्यानं घाम गाळून इथं आग फुंकली होती, आणि आपण त्याला पापी ठरवून बसलो!

"वयनी, चुकलो," ते म्हणाले. "तांदूळ द्या. पहिली पायली तुमचीच कढईत पडंल."

रतनबाई हसली नाही, रडलीही नाही.

"तांदूळ न्या की," ती म्हणाली. "पर आदी माझ्या खाचरातलं तुमचं दगड उचला. काळं राहू द्या, ते जमिनीचं हायेत. तुमी फेकल्यालं तेवढं न्या. चाळीस वर्सं दर पेरणीला म्या एकटी येचते."

आबांनी धोतर खोचलं आणि तिच्याकडची पाटी घेऊन ते खाचरात उतरले. मुठीतला खडा पहिला पाटीत पडला. देवळाकडं जाणारी माणसं बांधावर थबकली. आबा काय करताहेत ते कळल्यावर एकेक जण खाली उतरला. भंडाऱ्याची पंगत त्या दिवशी दुपार कलल्यावर बसली, आणि पहिल्या पानावर रतनबाई होती.

वाचकहो, आपल्याही वाटेवर असं एखादं जळकं खाचर असेल, असं एखादं घर असेल. कुणीतरी सांगितलं म्हणून आपणही खडा भिरकावत असू. तो फेकण्याआधी एकदा हातात घेऊन बघावा. आणि आजवर फेकलेले असतील, तर ते आपले आपणच वेचायला जावं.