साहेबांचा कोठा

“हात नीट धुतलेत ना, वन्सं?” वहिनीने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

आत्या न्हाणीघरात स्टुलावर बसली होती. तिच्या मांडीवर, टॉवेलात, साहेब उताणे पडले होते. साहेब म्हणजे पुतणीचा गिनी पिग. म्हातारपणी त्याच्या मागच्या बाजूचे स्नायू ढिले पडले होते आणि मऊ लेंड्या तिथल्या खोबणीतच तटून बसत. रोज कोमट पाणी, तेलाचं बोट, खालून हलका दाब, की ऐवज बाहेर. दोन-तीन दिवस खंड पडला तर जनावर हाती लागायचं नाही, असं डॉक्टरने सगळ्यांना समोर बसवून बजावलं होतं. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या होत्या आणि मग एकदम आत्याकडे पाहिलं होतं.

कारण आत्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. माणसं मान खाली घालून तिच्यासमोर डब्या ठेवून जात, आणि त्या उघडण्यात तिची उमर गेली होती. “त्यांना काय त्याचं,” असं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आत्याने चिरलेली काकडी मात्र तिच्या घशाखाली उतरत नसे. पुतणीचा जीव साहेबांच्या पुढच्या बाजूवर होता. त्या बाजूचे ती फोटो काढी. सगळ्यांत थोर आत्याचा भाऊ, दादा. निसर्गाला त्याचं काम करू द्यावं, असं त्याचं मत होतं. स्वतः तो रोज चूर्ण घेऊन झोपे.

मैत्रिणीचं ऑपरेशन निघालं म्हणून आत्याला आठवडाभर जावं लागलं. निघताना तिने पुतणीला सगळं करून दाखवलं. पुतणीने ते नाक दाबून, खिडकीबाहेर बघत पाहिलं. रोज आत्याचा फोन जाई आणि रोज “झालं गं आत्या” असं उत्तर येई.

ती परतली तेव्हा वहिनीने आपणहून चहा हातात दिला. शंका यायला तेवढं पुरेसं होतं.

साहेब ठणठणीत झाल्याचं दादाने जाहीर केलं. पिंजऱ्यात तेच पांढरं-तांबूस अंग होतं, डोळ्यावर तोच काळा डाग. बाजार पालथा घातला असणार. एवढे कष्ट या घराने दुसऱ्या कशासाठी घेतल्याचं आत्याला आठवेना.

तिने जनावर उचललं आणि सवयीने उलटं केलं.

कोरडं, स्वच्छ, घट्ट. शिवाय मादी.

तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होते. आत्याची ज्या बाजूशी ओळख होती, तिकडे यांनी दुकानातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“त्याला कुठे पुरलंत?” आत्याने विचारलं.

पुतणी रडू लागली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणूनच केलं हो, असं वहिनी म्हणाली. दादाने घसा खाकरला.

“पुरायचं कुठे? कचऱ्याची गाडी आलीच होती.”

“ओल्यात टाकलंत की सुक्यात?”

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पुतणीकडे.

आत्याने चहा बाजूला सारला. मांडीवरची मादी जागीच थिजली होती. तिचं पोट आत्याने दोन बोटांनी अलगद चाचपलं. आत तीन जीव होते, कदाचित चार. एक तर बोटाखालून सरकलाही.

तिने मादीला पिंजऱ्यात ठेवलं, वर मूठभर गवत जास्तीचं घातलं, आणि कोणाला काही सांगितलं नाही.