मोकळी भिंत

दुकानात पाऊल टाकलं. मी मुद्दाम मोकळी ठेवलेली मातकट भिंत दिसतच नव्हती. खिळे ठोकून तिच्यावर अठरा साड्या टांगल्या होत्या.

नव्याण्णव साल. नोएडात तेव्हा दर महिन्याला नवं दुकान उघडायचं. हे माझ्या मोठ्या जावेचं, विनयावहिनींचं. मांडणी माझी, जपानी धर्तीची: चपला काढून बसायला बुटका लाकडी चौथरा, कागदी पडद्यातून झिरपणारा उजेड, आणि त्या भिंतीवर एका वेळी एकच साडी. मी जिथे सजावटकार होते त्या जुन्या ऑफिसातल्या साहेबांनी मला बजावलं होतं, बाळंतपणानंतरचं एक तरी काम मासिकात छापून आणा, मग परत घेऊ. फोटोग्राफर अकराला येणार होता. पावणेअकरा झाले होते.

“वहिनी, हे काय?”

“काय म्हणजे? चौघीजणी विचारून गेल्या, दुकान बंद करताय का, सेल कधी! एकीनं तर माझं सांत्वन केलं.”

“महिनाभर थांबा म्हटलं होतं ना मी?”

“तू थांब. आणि जपान जपान करून दिलंस काय? चपला काढा, खाली बसा. अगं, चांदनी चौकात वर्षानुवर्षं हेच चाललंय! ते नको म्हणून तर बायका इथे येतात, बूट घालून, गाडीतून.”

हे मला रेघा मारताना एकदाही सुचलं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

माझ्या कडेवरची लेक, सुखदा, खोकली.

“आजारी पोरीला फिरवतेय. घरी बसवत नाही ना!”

मी तिचं कपाळ पुन्हा चाचपलं. ताप नव्हता. काही खिळे तिचा हात पोचेल इतके खाली होते.

दारात फोटोग्राफर आला. “मॅडम, शुरू करें?”

वहिनींनी पदर सारखा केला. “हाँ हाँ, आइए. सब हमनेही सजाया है.”

आजवर त्यांच्याकडे दोन मिनिटं न दिलेली सुखदा मी त्यांच्या हातात कोंबली. “धरा.” आणि साड्या ओढायला लागले. एक खिळ्याला अडकून टर्रकन फाटली. सुखदानं भोकाड पसरलं.

“मयुरा! पैठणी आहे ती!”

मी थांबले नाही. खिळे राहिले, पण लांबून दिसत नव्हते. कॅमेरा चार वेळा वाजला.

“झालं? आता चालती हो. परत इथे पाय ठेवलास तर बघ.”

“नाही ठेवणार. पोरगी द्या.”

त्यांनी ती लगेच दिली नाही.